यंत्राचं सोवळं

यंदाच्या चातुर्मासात मी एक नवीन व्रत धरलं होतं. खोटं बोलायचं नाही. एकभुक्त, रोजचं विष्णुसहस्रनाम आणि तुळशीला अकरा प्रदक्षिणा हे दरवर्षीचंच आहे, त्यात आता काही कष्ट उरलेले नाहीत. म्हणून म्हटलं, जरा अवघड काहीतरी घेऊ.

"ऑफिसला जाणाऱ्या माणसाने हे व्रत घ्यायचं?" विश्राम चहाच्या कपावरून बघत म्हणाले. "त्यापेक्षा मीठ सोड."

विश्राम म्हणजे माझे यजमान. निवृत्त झाल्यापासून डोंबिवलीच्या घरात बसून ते माझ्या व्रतांचा हिशेब माझ्यापेक्षा चोख ठेवतात.

माझं ऑफिस ठाण्याला, माजिवड्याजवळ. होड्यांना आपण कुठे आहोत ते दाखवणारी यंत्रं आम्ही तयार करतो. बारा वर्षं मी तिथल्या चाचणी विभागात आहे आणि माझं काम एकच, यंत्राच्या कानावर येणारा गोंगाट कमी करणं. वीस हजार किलोमीटर वरून उपग्रहाचा संदेश येतो. खाली पोचेपर्यंत तो इतका क्षीण झालेला असतो की आजूबाजूच्या विजेच्या खरखरीत तो बुडालेलाच असतो. तरी यंत्र त्याला शोधतं, कारण संदेशाची खूण यंत्राला आधीपासून पाठ असते. ते तीच खूण आपल्याशी पुनःपुन्हा म्हणत राहतं, हजारदा, लाखदा, आणि जिथे बरोबर जुळते तिथे धरतं. गोंगाट कुठेच जुळत नाही, म्हणून तो गळून पडतो. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा काही नवल वाटलं नाही. मी रोज सकाळी शेजारच्या टीव्हीच्या आवाजात सहस्रनाम म्हणते.

मात्र गोंगाट अगदी कानाशी बसला, तर मोठ्या साधकाचंही काही चालत नाही. एकाच सुरात ओरडणारा असेल तर माझी चाळणी त्याला नेमका वगळते. ती चाळणी करायला मला तीन वर्षं लागली. पण सूर बदलत बदलत, अंगाला अंग लावून ओरडणारा असेल, तर त्याला उचलून लांब ठेवणं एवढाच उपाय उरतो.

आता ऑफिसातले लोक. साकेत आमचा मालक. वय छत्तीस, परदेशात शिकून आलेला, घड्याळात झोपेचे गुण मोजणारा. पण एखादं यंत्र चाललं की म्हणणार, "सुमेधाताईंची पुण्याई!" आणि बंद पडलं की हळूच विचारणार, "ताई, काल एकादशी होती, तुम्ही काही खाल्लं नव्हतं ना?"

"साकेत, मी काय खाल्लं ते उपग्रहाला कळत नाही," मी सांगायची.

"ते आहेच हो ताई. पण चान्स कशाला घ्या?"

मी चाचणीचे अहवाल लिहायची, ते कुणी वाचायचं नाही. मी संकष्टीला मोदक न्यायची, ते डबा धुऊन निघावा इतके संपायचे.

या वर्षी ठाणे खाडीच्या कोळी बांधवांच्या एका संस्थेने बारा होड्यांसाठी आमची यंत्रं घ्यायचं ठरवलं. नारळी पौर्णिमेनंतर होड्या पाण्यात जाणार होत्या. अट अशी की आधी एका होडीवर चाचणी, तिची वाट ऑफिसच्या पडद्यावर दिसली पाहिजे आणि ती खरी पाहिजे. होडी मोरूची. मोरू पन्नाशीचा, बोलायला कमी. त्याच्या वाट्याचं त्याची बायको बोलते, आवडाबाई.

पहिल्या दिवशी आवडाबाईने यंत्र हातात घेऊन फिरवून फिरवून पाहिलं आणि मला विचारलं, "बाय, यो डबा माज्या मानसाला घरी आनंल ना? पावसाची झड आली का खाडीन काय दिसत नाय. तिवरं पन दिसत नाय. मागल्या साली दोगं चिखलान रुतून बसली, सा तास. मी धक्क्यावर उबी."

"आणेल," मी म्हटलं. व्रत होतं, म्हणून पूर्ण विचार करून म्हटलं.

पहिल्या चाचणीत मोरूची होडी खाडीतून निघाली, पाच मिनिटं नीट चालली, मग पडद्यावर ती तिवरांच्या झाडीत घुसली, रस्ता ओलांडला आणि माजिवड्याच्या पुलावर चढली. तिथे ती चार मिनिटं थांबली.

"सिग्नल लागला असेल," कृतिका म्हणाली. कृतिका आमची माहितीपत्रकं लिहिते.

मी धक्क्यावर जाऊन होडी पाहिली. यंत्राच्या पट्टीवरच, यंत्राला चिकटून, एक चिमुकला चार्जर बसवलेला. होडीच्या बॅटरीवर मोबाइल चार्ज करायचा. ही साकेतची कल्पना, यंत्राबरोबर भेट. कुठून तरी पेटीभर मागवले होते. तो चालू केला की त्याच्या पोटातून सगळीकडे खरखर पसरायची, आणि ती सूर बदलणारी खरखर होती.

मी अहवाल लिहिला. चार्जर यंत्रापासून किमान हातभर लांब ठेवावा. आलेख जोडले, अंतरं मोजून लिहिली. साकेतने शेवटचं पान उघडून माझी सही पाहिली.

"ताई, चार्जर काढायचा म्हणता? लोकांना यंत्रापेक्षा तोच आवडलाय."

"काढू नका. लांब ठेवा."

"मग सूचनांमध्ये टाकू ना."

टाकलं. पान अकरा, खालून दुसरी ओळ, मुंगीएवढ्या अक्षरांत. पुढच्या आठवड्यात मी धक्क्यावर गेले तर चार्जर होता तिथेच. वर मोबाइल पडू नये म्हणून त्याला रबर लावून यंत्रालाच बांधलेला.

"अहो मोरूभाऊ, हा लांब ठेवायचा म्हणून लिहिलंय ना!"

मोरूने आवडाबाईकडे पाहिलं. आवडाबाई म्हणाली, "लिव्हलेला कोन वाचतो बाय? डब्याचा कागद मी खिडकीला लावला, पानी येतं."

चाचणी दुसऱ्याच दिवशी सकाळी होती, म्हणून साकेत आणि कृतिकाही माझ्याबरोबर आले होते. समोर पाच जण उभे होते, साकेत, कृतिका, मोरू, आवडाबाई आणि शेजारच्या होडीतला पंढरी. पाचांपैकी कुणालाही मी वीजचुंबकीय गोंगाट समजावून सांगू शकले असते. निदान प्रयत्न करू शकले असते. त्याऐवजी मला माझी आई आठवली. तिचं सोवळ्याचं लुगडं उंच दांडीवर काठीने वाळत घातलेलं असायचं आणि त्याच्या हातभर परिसरात आम्ही भावंडं कधी फिरकत नसू. कुणी कारण विचारलं नाही. कुणी पान अकरा वाचलं नाही.

मी पदर खांद्यावरून घेतला, यंत्र स्वतःच्या हाताने चालू केलं आणि माझ्या नेहमीच्या हळू आवाजात म्हटलं, "हे यंत्र आता सोवळ्यात आहे. त्याला कशाचाही विटाळ होता कामा नये. चार्जर तर हातभर अंतरातही आणायचा नाही."

आणि काय सांगू! मोरूने चपला काढल्या. पंढरीने तोंडातली तंबाखू थुंकली. आवडाबाईने दोन्ही हात पदराला पुसले आणि मागे सरकली. साकेतने मोबाइल खिशातून काढून कृतिकाकडे दिला आणि तिला म्हणाला, "लांब जा, लांब जा!"

परतीच्या वाटेवर तो म्हणाला, "ताई, हे तुम्ही आधीच सांगायचं ना! अहवाल कसले लिहीत बसलात?"

मी खोटं बोलले होते का? सोवळं म्हणजे तरी काय, लांब ठेवणंच की, असं मी बसमध्ये स्वतःला सांगितलं. घरी विश्रामना सांगितलं. ते म्हणाले, "कितवा दिवस आज व्रताचा?"

"पस्तिसावा."

"हं," म्हणाले आणि वर्तमानपत्र वर घेतलं.

सकाळी साडेसहाला मोरू निघणार होता आणि अकरापर्यंत परतणार होता. साडेनऊला मी ऑफिसात पोचले तेव्हा साकेत पडद्यासमोर उभा होता आणि त्याचे डोळे भरून आल्यासारखे दिसत होते.

"ताई, बघा. बघाच."

पडद्यावर कोळीवाड्याच्या कडेला एक ठिपका होता. मी आकडे पाहिले. तीन तासांत ठिपका दोन मीटरसुद्धा हलला नव्हता. एक उडी नाही, एक थरथर नाही. बारा वर्षांच्या नोकरीत इतका स्वच्छ निकाल मी पाहिला नव्हता. चार्जर लांब गेल्यावर काय होईल म्हणून मी लिहिलं होतं, तंतोतंत तेच झालं होतं. क्षणभर मला इतका आनंद झाला की पुढचा प्रश्न सुचायला वेळ लागला.

"पण साकेत, होडी निघालीच नाही का?"

"पाऊस आहे ना. थांबला असेल. घरीच दिसतोय तो. आपल्याला नेमकं कळतंय की तो घरी आहे, हेच तर यश!" त्याने संस्थेच्या लोकांना चित्र पाठवूनही दिलं होतं.

बाहेर झड लागली होती. समोरची इमारत दिसत नव्हती. मी मोरूला फोन लावला. बंद. मग आवडाबाईला लावला.

"मोरूभाऊ घरी आहेत ना?"

"घरी? सकाली सा-साडेसाला गेला. झड लागली तवापासून पत्ता नाय. फोन पन लागत नाय त्याचा." मागे पावसाचा आवाज येत होता. "बाय, तुज्या डब्यान बग ना, कुटं हाय तो?"

मी पडद्याकडे पाहिलं. ठिपका जागच्या जागी, शांत, एखाद्या योग्यासारखा.

"बघते," मी म्हटलं आणि फोन ठेवला. मग साकेतला सांगितलं. तो म्हणाला, "असं कसं? मशीन घरी दाखवतंय."

"बायको दारात उभी राहून सांगतेय की घरी नाही."

"ताई, दोन मीटरची अचूकता आहे हो," तो अगदी कळवळून म्हणाला.

मी छत्री घेतली आणि रिक्षा केली.

आवडाबाईचं घर धक्क्यापासून दहा पावलांवर. दोन खोल्या, खिडकीला आमच्या सूचनांचा कागद चिकटवलेला, अकरावं पान बाहेरच्या बाजूला, पावसाकडे तोंड करून. खिडकीच्या आत देवाची फळी. फळीवर एकवीरा आईचा फोटो, शेजारी नारळ, आणि नारळाशेजारी गुलाबी टॉवेलमध्ये गुंडाळलेलं आमचं यंत्र. टॉवेलमधून त्याचा हिरवा दिवा मंद दिसत होता. समोर उदबत्ती.

मी खालीच बसले.

"आवडाबाई, हे होडीवर का नाही?"

"आता होरीवर कसा ठेवायचा?" तिला माझ्या प्रश्नाचंच नवल वाटलं. "तुमीच बोल्लात ना, सोवल्यान हाय. होरीवर मासली, जाली, आमचे हात. त्याला शिवलेला कसा चालंल? मोरू बोल्ला, घरी आईजवल ठेव, तितून पन रक्षन करल. मी तर टावेलनी उचलला, हात नाय लावला. धुतलेला टावेल हाय."

तिने हे अपराध्यासारखं सांगितलं, म्हणजे टॉवेल धुतलेला असला तरी पुरेसा शुद्ध आहे की नाही अशी शंका येऊन. मला वर बघवेना. माझ्या आईचं लुगडं दांडीवर होतं तेव्हा त्यापासून लांब राहणाऱ्यांत फक्त आम्ही भावंडं नव्हतो. मासळी घेऊन येणारी बाई अंगणाच्या टोकाशी थांबायची. ती का थांबते हेही कुणी विचारलं नव्हतं. धक्क्यावर मी 'विटाळ' म्हटलं होतं, चार्जरकडे बोट करून. तिने ते ऐकून हात पुसले होते.

"आणि चार्जर?"

"तो ओवला ना. म्हनून पंढरीला दिला. मोरूच्या फोनची बॅटरी रातीपासूनच नाय, काय करनार." ती दाराशी गेली. "आता सांग ना बाय, कुटं हाय तो?"

यंत्र घरात, फोन मेलेला, आणि दोन्ही माझ्या एका वाक्याने. बारा वर्षं मी गोंगाट दूर करत होते. या वेळी तर गोंगाटाबरोबर माणूसच दूर केला होता.

"मला माहीत नाही," मी म्हटलं. "आणि ते सोवळं खोटं होतं. मी बनवून सांगितलं. यंत्राला तुमच्या हाताने काहीही होत नाही. मासळीच्या हातानेही नाही."

ती दारातून परत आत आली. रागावली असती तर बरं झालं असतं.

"मंग कशाला बोल्लात?"

"तुम्ही चार्जर लांब ठेवत नव्हतात म्हणून."

"पन का लांब ठेवायचा, ते कंदी सांगितलात?"

मी सांगितलं होतं. पान अकरावर, आणि ते पान खिडकीत गळत होतं.

पंढरी आपली होडी काढून शोधायला निघाला. जाताना त्याने टॉवेलसकट यंत्र मागितलं. मी टॉवेल काढला आणि नुसतं यंत्र त्याच्या हातात दिलं, त्याच्या होडीतला चार्जर बंद करायला लावला. आम्ही दोघी धक्क्यावर एका छत्रीत उभ्या राहिलो. मी सहस्रनाम म्हणत होते. ती मोरूच्या सात पिढ्यांना नावं ठेवत होती. कोण जास्त मनापासून म्हणत होतं ते देवालाच ठाऊक.

दोन वाजता दोन्ही होड्या आल्या. मोरू वाट चुकून चिखलावर चढला होता आणि भरतीची वाट बघत बसला होता. पंढरीला तो तिवरांच्या पलीकडे सापडला. मोरूने धक्क्यावर पाय ठेवला, मला पाहिलं आणि पहिली गोष्ट केली ती म्हणजे पंढरीच्या हातातल्या यंत्राकडे बघून जीभ चावली. "अरे, शिवलास त्याला?"

"शिवू दे," आवडाबाई ओरडली. "ती बाय थापा मारत होती!"

घरात चहा झाला. आवडाबाईने माझा कप हातात धरला आणि थबकली. "तुमच्या सोवल्यान चालतो का आमचा चा?" हा टोमणा होता आणि तो मला मिळायलाच हवा होता. मी कप घेतला. एकभुक्तात चहा चालतो, आणि चालत नसता तरी त्या दिवशी घेतला असता.

मग मी मोरूचा जुना ट्रान्झिस्टर मागितला. तो लावला, गाणं लागलं. पंढरीला दिलेला चार्जर होडीतून आणलेल्या बॅटरीला जोडून जवळ आणला. गाणं गेलं, नुसती खरखर. लांब नेला, गाणं परत आलं. पुन्हा जवळ, पुन्हा लांब.

"उपग्रहाचा आवाज या गाण्यापेक्षा हजारो पटींनी बारीक असतो," मी म्हटलं. "हा शेजारी बसून बडबडतो, म्हणून यंत्राला ऐकू येत नाही."

आवडाबाईने एकदाच चार्जरकडे पाहिलं. "हात्तिच्या! म्हंजे बाजारान माज्या बाजूला ती जाड्या आवाजाची बसते तसा. ती वरडायला लागली का माजा गिऱ्हाईक मला आयकत नाय. मंग मी काय करते? पाटी उचलून चार हात पुडं जाऊन बसते." ती मोरूकडे वळली. "डबा पुडं नालीवर, टोकाला लाव. यो मागं, इंजनाजवल. फोन पन पायजे ना रं तुला? का परत सा तास बसतोस?"

मोरू उठला आणि पाच मिनिटांत दोन्ही गोष्टी त्याने होडीच्या दोन टोकांना बांधल्या. माझ्या अहवालात हातभर लिहिलं होतं, त्याने दहा हात दिलं. मला तीन आलेख आणि एक अधर्म लागला होता.

ऑफिसात मी साकेतला सगळं सांगितलं. त्याने मान हलवत ऐकलं आणि मग म्हणाला, "ताई, एक प्रॉब्लेम आहे. सोवळ्याची बातमी पसरलीय. पलीकडच्या कोळीवाड्यातून फोन आला, आमच्या यंत्रांना सोवळं घालायला बाई कधी येणार म्हणून. आणि कृतिकाने पत्रकाचं पहिलं पान करूनसुद्धा ठेवलंय."

कृतिकाने दाखवलं. वर कलश, खाली 'सोवळ्यातलं एकमेव यंत्र'.

मी आयुष्यात ऑफिसात आवाज चढवलेला नाही. तेव्हाही चढवला नाही. "हे छापलंत तर मी उद्यापासून येणार नाही," म्हटलं. साकेत घाबरला. मी सोडून जाईन याने नव्हे, मी हे उपाशीपोटी म्हटलं होतं याने.

पत्रकाचं पहिलं पान मी लिहिलं. मोठ्या अक्षरांत: कुणीही, कुठल्याही हाताने धरा. चार्जर होडीच्या दुसऱ्या टोकाला ठेवा, तो शेजारी बडबडतो. कृतिका म्हणाली, हे फारच साधं वाटतं. कलश तेवढा राहू द्या, असं साकेतने तीनदा म्हणून पाहिलं.

घरी मी विश्रामना सांगितलं की व्रत मोडलं, पस्तिसाव्या दिवशीच.

"मग आता?"

"उद्यापासून पुन्हा पहिला दिवस."

"मीठ सोड म्हणत होतो," ते म्हणाले, आणि उठून माझं पान वाढायला गेले.

तिसरी चाचणी सोमवारी झाली. पावसाची झड होतीच. पडद्यावर ठिपका खाडीतून निघाला, वळणाला वळला, तिवरांच्या कडेने गेला, दोन तास एका जागी हळू हळू डोलत राहिला आणि आल्या वाटेने परत फिरला. मध्ये मध्ये जरासा थरथरत होता, होडीवर असतं तसा. साकेतने मला विचारलं, आज काही विशेष उपास आहे का. मी नाही म्हटलं. खरं होतं ते.

अकराला दहा मिनिटं असताना फोन वाजला. मोरू स्वतः बोलत होता, पहिल्यांदाच.

"बाय," तो म्हणाला, "आज माजिवड्याला नाय गेलो."